दरीच्या बाजूला टिपऱ्या

कागोशिमा, १८ नोव्हेंबर

प्रिय शिगेयोताई,

इकडे दुपारी अजून पंखा लावावासा वाटतो, आणि तुझ्याकडे डोंगरावर पहिला बर्फ पडूनही गेला असेल. आमच्या ज्वालामुखीने या आठवड्यात पुन्हा राख टाकली. वाळत घातलेले कपडे मला परत धुवावे लागले. बाकी सगळं नेहमीसारखं.

एक बातमी द्यायची आहे. काल मी पोलीस स्टेशनात जाऊन, आता वय झालं म्हणून, माझं गाडीचं लायसन्स परत करून आलो. काउंटरवरच्या मुलीने उभं राहून, वाकून आभार मानले. 'इतक्या लवकर शहाणपण सुचलेले फार थोडे येतात,' म्हणाली. आता तुझी पाळी. तू माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहेस, सत्तरी ओलांडली आहेस, आणि त्या डोंगरातल्या रस्त्यांवर अजून गाडी फिरवतेस. आठवतं ना, माझी रिएको गेली, तिच्या दिवसांना आली होतीस तेव्हा तूच म्हणाली होतीस, 'ज्या दिवशी गाडी सोडेन, त्या दिवशी तुझ्याकडे येईन.' शब्द दिला आहेस.

खोली तयार आहे. रिएकोचं शिवणयंत्र मी बाहेरच्या खोलीत हलवलं. खिडकीतून संत्र्याचं झाड दिसतं. नवीन गादी आणली, ती तुझ्या कमरेला मानवेल अशी कडक बघून. गेल्या हिवाळ्यात छपरावरचा बर्फ काढताना तू घसरलीस, हे तू मला वसंतात सांगितलंस. यंदा पुन्हा तसलं काही ऐकायची माझी तयारी नाही.

हे फोनवर का बोलत नाही, तर फोनवर तू 'सगळं ठीक' म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदावर तुला खोटं बोलता येत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

कधी येतेस ते कळव.

तुझा,
मासातो


तोचिदाइरा, ३ डिसेंबर

मासातो,

पोस्टात जन्म घालवलास, रिटायर झालास, तरी तुझ्या पत्राची सुरुवात हवामानाच्या बातम्यांसारखीच. राख पडली, कपडे धुतले! बरं, ऐक आता आमचं हवामान. बर्फ खिडकीच्या खालच्या चौकटीपर्यंत आला आहे आणि मी मजेत आहे.

लायसन्स परत केलंस? मला विचारायचं तरी होतंस, वेड्या. भाजी आणायला आता काय करतोस, चालत जातोस? जा, पोट कमी होईल.

या हिवाळ्यात मला येता येणार नाही. गेल्या महिन्यात कोकुबुन आला होता. आपला टोफूवाला, आता गावच्या अग्निशमन पथकाचा प्रमुख आहे. दोन टोफू आणि एक विनंती घेऊन आला. टोफूच्या पिंपाशी घसरला आणि कंबर धरून बसला आहे बिचारा. पट्टा बांधून कळसूत्री बाहुलीसारखा चालतो. मी टोफू खाल्ला आणि विनंती मान्य केली.

तेव्हापासून पथकातली मंडळी दर रविवारी मला घ्यायला येतात. मठातला तरुण भिक्षू आहे ना, शिनकाई, तो हाताला धरून अंगणातल्या बर्फावरून नेतो. मी म्हणते सोड, तो सोडत नाही. तिथे गेल्यावर मला उंचावर बसवतात, पट्टा बांधतात आणि सगळे भोवती उभे राहून बघतात. मला नीट जमलं की टाळ्या वाजवतात. फार गोड माणसं आहेत. सगळं झाल्यावर गरम सूप असतं.

तेव्हा काळजी नसावी. गादी ऊन दाखवून ठेव.

शिगेयो


कागोशिमा, २० डिसेंबर

ताई,

पट्टा? कसला पट्टा?

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. हाताला धरून नेतात, उंच खुर्चीत बसवून बांधतात, जमलं की टाळ्या वाजवतात, वर सूप पाजतात. आमच्या गल्लीत म्हाताऱ्यांचं दिवसा सांभाळायचं केंद्र आहे, तिथेही अगदी असंच चालतं. मी रिएकोला तिथे न्यायचो. मला सगळं माहीत आहे. मला फक्त एवढं सांग, गुडघा आहे की कंबर? की डोकं?

मी न राहवून कोकुबुनच्या दुकानात फोन केला. त्याची बायको फुमी होती. मी विचारलं, 'ताईंची तब्येत खरंच कशी आहे?' तर ती हसायलाच लागली. म्हणाली, 'अहो, ताई नसत्या तर आमचं काय झालं असतं!' आजारी माणसाबद्दल लोक असं चांगलं चांगलं बोलतात तेव्हा काय समजायचं ते मी समजतो.

पथकाच्या लोकांचे माझ्या वतीने आभार मान. त्यांना आगी विझवायच्या सोडून तुझी उठाठेव करावी लागते याची मला लाज वाटते. मी स्वतः तरुणपणी त्या पथकात होतो, हे तू विसरली नसशीलच.

फेब्रुवारीच्या शेवटी मी येतो आहे. मोठी बॅग घेऊन येतो. तुझं सामान भरू आणि दोघं मिळून निघू. आता नाही म्हणू नकोस.

मासातो


तोचिदाइरा, १२ जानेवारी

मासातो,

तू पथकात होतास हे कोण विसरेल? पंप चालवायच्या स्पर्धेत सगळ्यांच्या पुढे धावलास, ऐटीत हात वर केलास, आणि मागे नळी जोडायचीच राहिली होती! तालुक्याच्या तिन्ही परीक्षकांना टायसकट आंघोळ घातलीस. उमेकाकू अजून सांगते ती गोष्ट, आणि दर वेळी एक परीक्षक वाढवते.

नव्या वर्षाची कवायत झोकात झाली. सगळे निळे कोट घालून नदीकाठी रांगेत उभे राहिले, आकाशात पाण्याचे फवारे उडवले. वारा उलटा फिरला आणि पाहुण्यांच्या टोपीवर पाणी गोठून टोपी डोक्याला चिकटली. कोकुबुनने कमरेमुळे वाकून नमस्कार न करता उभ्या उभ्या भाषण केलं. लोकांना वाटलं त्याला गर्व झाला.

उमेकाकू नव्वदीची झाली. वरच्या वाडीतच असते. नाकात ऑक्सिजनची नळी आणि जीभ होती तशीच. रोज संध्याकाळी दिवेलागणीला शिनकाई लाकडी टिपऱ्या वाजवत सगळ्या वाडीतून फिरतो, 'आग सांभाळा होऽ' म्हणत. आपल्या लहानपणी बाबा फिरायचे तसाच. काकू खिडकी उघडते आणि ओरडते, 'ताल चुकतोय रे महाराज! भुकेने मेलेल्या सुतारपक्ष्यासारखा काय वाजवतोस!' तो बिचारा वाकून नमस्कार करतो आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवतो. ती ओरडली की वाडीला कळतं, काकू ठीक आहे.

माझं डोकं ठीक आहे. गुडघाही. फेब्रुवारीत येऊ नकोस, यंदा बर्फाचं लक्षण काही बरं दिसत नाही. आलास तर बॅगेऐवजी फावडं आण.

आणि एक विचारू? त्या खोलीबद्दल तू पहिल्या पत्रात इतकं लिहिलंस. खोली नक्की कुणासाठी केलीस, मासातो? रागावू नकोस. मोठी बहीण आहे, मला विचारता येतं.

शिगेयो


कागोशिमा, ९ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र तुझ्यापर्यंत कसं पोचणार, देव जाणे. फोन लागत नाही. कोकुबुनच्या दुकानातही लागत नाही. टीव्हीवर सारखं तुमचंच चाललं आहे. वीज गेली, रस्ते बंद, शेकडो गाड्या हायवेवर अडकल्या. काल संध्याकाळी त्यांनी आपली शाळा दाखवली. तोचिदाइराची शाळा, मी फाटकावरच्या घंटेवरून ओळखली.

आणि त्या पांढऱ्या धुरळ्यातून पथकाची लाल गाडी आली. मी टीव्हीच्या इतका जवळ गेलो की चष्मा काचेवर आपटला. गाडीच्या मागच्या दारातून एकेक जण उतरला. उमेकाकूला उचलून नेलं, ती कुणालातरी रागावत होती. मग लाकूडवाले गेनपाची आणि त्यांची बायको. मग तुझ्या शेजारच्या त्या दोघी बहिणी. ताई, त्या सगळ्यांच्या पायांत बूटसुद्धा नव्हते! बर्फात मोज्यांवर उभे होते! अंगावरच्या कपड्यांनिशी, बूट घालायचीही सवड न देता बाहेर काढलं असणार त्यांना. काय प्रसंग ओढवला असेल!

वरच्या वाडीतलं झाडून सगळं माणूस त्या गाडीतून उतरलं. तू सोडून.

मी शेवटपर्यंत बघत राहिलो. दार लागलं. तू नव्हतीस. मग बातमी बदलली आणि कुठलातरी रातकिड्यांचा बाजार दाखवायला लागले.

तुला इथे करमणार नसेल तर नको येऊस. गादी विकून टाकतो. लायसन्सही ठेव, डोंगर ठेव, सगळं ठेव. फक्त एक ओळ लिही.

मासातो


तोचिदाइरा, १६ फेब्रुवारी

अरे माझ्या भोळ्या भावा,

मागच्या दाराकडेच बघत बसलास. पुढची सीट बघितलीस का? स्टिअरिंगमागे निळा कोट घालून कोण बसलं होतं?

मीच रे. फोन अजून बंदच आहे. कालच तुझं पत्र मिळालं, वाचताना आधी खूप हसले आणि मग रडले. आता नीट बसून सगळं सांगते.

हल्लीच्या मुलांना लायसन्स मिळतं ते हलक्या गाड्यांचं. नियम बदलला. पंपाची गाडी जड, ती त्यांना चालवता येत नाही. पथकातली सगळी तरुण मंडळी आगीत उडी मारायला तयार, पण गाडीपाशी आली की हात बांधलेले. जुनं लायसन्स एकट्या कोकुबुनकडे, आणि त्याची कंबर गेली. म्हणून तो टोफू घेऊन आला. मी याच रस्त्यावर रिटायर होईपर्यंत बस चालवली, आणि बसपेक्षा ती गाडी आखूडच आहे. तो म्हणाला, 'ताई, एवढा हिवाळा काढून द्या.' दर रविवारी सराव होता. उंच बसवतात ती ड्रायव्हरची सीट, पट्टा सीटचा, आणि टाळ्या मी उलटी गाडी शेडमध्ये ओरखडा न काढता घातली म्हणून. कागदावर मी खोटं बोललेले नाही. परत वाच. फक्त गाडीचं नाव तेवढं गाळलं, कारण तू पहिल्या आगगाडीने आला असतास.

त्या दिवशी सकाळी वीज गेली आणि उमेकाकूचं ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं. जवळचं नळकांडं दिवसभर पुरेल एवढंच होतं. अॅम्ब्युलन्स शाळेपर्यंत येऊन थांबली, पुढे बर्फ. वाडीतल्या बाकी घरांची छपरं कुरकुरायला लागली होती. पथकाची माणसं पहाटेपासून फावडी मारत होती. हारुका म्हणून एक मुलगी आहे, तोक्योहून येऊन इथे मशरूम पिकवते, तिने छोट्या यंत्राने एक गाडी जाईल एवढी वाट काढली. वर जाताना ठीक होतं. सगळ्यांना घेऊन उतरायला लागलो आणि वारा सुटला.

मासातो, समोर काही दिसेना. पांढरं. कडेचे खांब बर्फात गाडलेले. उतरताना दरी माझ्याच खिडकीकडे. तुला त्या रस्त्याची रुंदी माहीत आहे. मी गाडी थांबवली आणि मला भीती वाटली, खरंच सांगते. मागे माझ्यावर भरवसा टाकून सगळी वाडी बसलेली, आणि काकूचं नळकांडं संपत आलेलं. थांबणंही शक्य नव्हतं.

तेव्हा शिनकाई खाली उतरला. दरीच्या काठाकाठाने काठी खुपसत पुढे चालायचं आणि टिपऱ्या वाजवायच्या, असं त्याने ठरवलं. हाका वाऱ्यात विरतात, लाकडाचा आवाज विरत नाही. मी खिडकी पूर्ण उघडायची आणि तो आवाज कायम आपल्या उजव्या कानाशी ठेवायचा. त्याच्या कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक गाडीच्या पुढच्या कडीला. मी ओरडले, 'सोड ती दोरी! गाडी गेली तर तूही जाशील!' तर काय म्हणतो, 'म्हणूनच बांधलीय, ताई. म्हणजे तुम्ही जपून चालवाल.'

टक्, टक्. टक्, टक्. मी त्या आवाजावर गाडी चालवली. डोळे उघडे होते, पण उपयोग काही नव्हता. चेस्टनटच्या झाडाचं वळण, तुझं सायकल घेऊन पडायचं वळण, तिथे आवाज बंद झाला. मी ब्रेक दाबला. तो कमरेइतका बर्फात रुतला होता, पण ते मला कुठे दिसत होतं! आणि मागून उमेकाकू, नाकात नळी, अंगात त्राण नाही, ती माझ्या कानाशी किंचाळली, 'थांबलास का रे महाराज? ताल सोडू नकोस!' क्षणभर काही नाही. मग, टक्, टक्. त्याने दोन्ही हात वर धरून रुतलेल्या अवस्थेत वाजवायला सुरुवात केली होती. काकू म्हणाली, 'हां. आता जमतंय.' आम्ही दोर ओढून त्याला बाहेर काढलं आणि पुढे निघालो. शाळा आली तेव्हा माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. हारुकाने एकेक बोट सोडवलं.

काकू हॉस्पिटलात दोन दिवस राहिली. तिथल्या भाताला नावं ठेवून परत आली.

आणि ते बूट! घाईबिई काही नव्हती. काकू आधी आली. गाडीचं पायदान लखलखीत, आत नवी गादी. तिने बर्फात बूट काढले, टाचा गाडीकडे करून नीट जोडीने ठेवले आणि 'येते हं' म्हणून आत चढली. तिच्या मागे गेनपाची कसे बूट घालून चढतील? मग त्यांनीही काढले. मग सगळ्यांनी. आम्ही वाऱ्याशी झगडतोय, आमचं लक्ष कुठे! शाळेत पोचल्यावर कोकुबुन विचारतो, 'बूट कुठेत?' तर काकू म्हणते, 'दारात.' पथकाने दुसऱ्या दिवशी जाऊन बूट उकरले. काकूचा एक अजून सापडत नाही.

गादी विकू नकोस.

तुझी ताई


कागोशिमा, २८ मार्च

प्रिय ताई,

घरी नीट पोचलो. मोठी बॅग तुझ्या सामानासाठी रिकामी आणली होती, ती तू लोणच्याने भरून दिलीस. आगगाडीत शेजारचा माणूस दोन स्टेशनांनंतर जागा बदलून गेला.

तुझ्याकडे असताना बोलायचं राहिलं ते लिहितो. रविवारच्या सरावाला मी कुंपणापाशी उभा होतो. तू गाडी मागे घेत होतीस, आणि शिनकाई, हारुका, फुमी, पट्टा बांधलेला कोकुबुन, सगळे 'या, या, अजून या' म्हणत हात हलवत होते. मी तुला तिथून उचलून संत्र्याच्या झाडासमोर बसवणार होतो. मला माझंच हसू आलं. टाळ्या सगळ्यांत जोरात मी वाजवल्या, तू ऐकल्यास की नाही कुणास ठाऊक.

जानेवारीत तू विचारलंस, खोली कुणासाठी केली. मी रागावलो होतो, म्हणून उत्तर दिलं नाही. काल कुलूप उघडलं, बूट काढले आणि सवयीने म्हणालो, 'आलो गं.' मग तसाच दारात उभा राहिलो. दोन वर्षं झाली, मी रोज म्हणतो, आणि आतून 'आलात का' येत नाही. ताई, खोली माझ्यासाठी केली. कुणीतरी आतून उत्तर द्यावं म्हणून केली. तू म्हातारी झालीस असं स्वतःला पटवलं म्हणजे तुला बोलवायला कारण मिळत होतं.

हे लिहून बरं वाटलं. आता तुझ्यावर जबरदस्ती नाही. उमेकाकूचा बूट सापडला का?

मासातो


तोचिदाइरा, २० एप्रिल

मासातो, वेडोबा,

सापडला! बर्फ वितळला आणि चेस्टनटच्या वळणावर, खाली उताराला, पहिल्या हिरव्या कोंबांच्या मधोमध उभा होता. वाऱ्याने तिथपर्यंत नेला असणार. आत बेडकाने संसार मांडला होता. काकूने बूट बघितला, बेडूक बघितला, आणि म्हणाली, 'राहू दे त्याला, त्याला विचारून मग घालीन.' अख्खी वाडी हसली. शिनकाई तर खाली बसला.

तुझं पत्र मी कुणाला दाखवलं नाही. एकटीने दोनदा वाचलं. मला माहीत होतं रे. रिएको गेली तेव्हापासून माहीत होतं. पण तुझ्या तोंडून यायला हवं होतं.

आता माझं ऐक. जूनमध्ये मी येते. लायसन्स पर्समध्ये घेऊन येते, परत करायला नाही. पावसाळा आणि उन्हाळा तुझ्या खोलीत, त्या कडक गादीवर. तू रोज कुठूनतरी फिरून ये आणि दारात ओरड. मी आतून अशी ओरडेन की ज्वालामुखी राख टाकायचा थांबेल.

आणि नोव्हेंबरमध्ये आपण दोघं इकडे. शिनकाई हिवाळाभर मोठ्या मठात साधनेला जाणार आहे. टिपऱ्या वाजवायला माणूस नाही. कोकुबुनने सगळ्यांसमोर विषय काढला. मी तुझं नाव सुचवलं. काकू म्हणाली, 'तो नळी विसरणारा?' मी म्हटलं, टिपऱ्यांना नळी नसते. काकू म्हणाली, 'मग चालेल. ताल मी बघते.' या कामाला लायसन्स लागत नाही, मासातो. दोन पाय आणि दोन हात लागतात. तुझ्या मापाचा निळा कोट फुमी शिवायला घेते आहे. शिनकाईच्या टिपऱ्या बाबांच्याच होत्या, हे तुला माहीत होतं का? त्या सोबत पाठवते. सराव कर.

ताई


कागोशिमा, ६ मे

प्रिय ताई,

टिपऱ्या मिळाल्या. धरायच्या जागी लाकूड गुळगुळीत झालं आहे, बाबांची बोटं जिथे असायची तिथेच माझी बसतात.

रोज दिवेलागणीला मी गल्लीतून एक फेरी मारतो. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं मी काही विकतोय. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मात्सुझाकीबाई खिडकी उघडून म्हणाल्या, 'अहो, जरा हळू, सुतारकाम काढलंय का?' मला इतका आनंद झाला की मी त्यांना वाकून नमस्कार केला आणि पहिल्यापासून वाजवायला लागलो. आता त्या रोज काहीतरी बोलतात. काल फेरी संपवून मी दार उघडलं, बूट काढले, 'आलो गं' म्हणालो, आणि शेजारच्या कुंपणापलीकडून त्यांचा आवाज आला, 'आलात का?'

मी जोडे हातात धरून तसाच हसत उभा राहिलो.

जूनमध्ये ये. गादीला रोज ऊन दाखवतो आहे, राख झटकून. फुमीला सांग, कोटाच्या बाह्या थोड्या लांब ठेव, मला थंडी बाधते. दोर मात्र जुनाच घेऊ. मी कमरेला बांधेन, म्हणजे तू जपून चालवशील.

खिडकी उघडी ठेव, ताई. दरीच्या बाजूला मी आहे.

मासातो